खोगीरभरती

मराठीत काही शब्द असे आहेत, की ते ज्या वस्तूवरून आले ती वस्तूच आपण विसरून गेलो आहोत. ‘खोगीरभरती’ हा त्यांपैकी एक. चार ओळींचे उत्तर आठ ओळींत पसरले, की प्राध्यापक समासात हा शब्द लिहितात. स्नेहसंमेलनाच्या समितीत काम न करणारी दहा नावे घातली, की आपणही हाच शब्द वापरतो. शब्दाचा अर्थ सर्वांना ठाऊक. पण खोगिराच्या आत प्रत्यक्षात काय भरतात आणि ते वाईट भरले तर काय होते, हे पाहण्याची वेळ फारशी कोणावर येत नाही. आमच्या घरावर ती आली. कारण आमचे घरच खोगिरावर चालते.

माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, माथेरानला घोडा चालवतात. 1907 साली नेरळहून छोटी आगगाडी वर आली, पुढे घाटातून मोटारीही येऊ लागल्या. पण मोटारींना दस्तुरी नाक्यापाशीच थांबावे लागते. तिथून बाजारापर्यंत सुमारे अडीच-तीन किलोमीटरची वाट. त्या वाटेवर आणि पुढे निरनिराळ्या पॉइंटांवर पाहुण्यांना घेऊन जाणे हा आमचा धंदा. एक घोडा, एक माणूस आणि एक खोगीर एवढेच त्याचे भांडवल.

तीन वर्षांपूर्वी आमचा जुना घोडा थकला, तेव्हा आबा नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याला गेले. तापीकाठी दत्तजयंतीला तिथे घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तिथून त्यांनी ‘सरदार’ आणला. स्वभावाने गरीब, पायाने खंबीर. पण पाठ अशी, की तिच्यावर पाट मांडून जेवायला बसावे! बाकीच्या घोड्यांच्या पाठीचा कणा उताराच्या कौलांसारखा मध्यभागी वर आलेला असतो. सरदारच्या पाठीवर मात्र मधोमध उलट पन्हळ. मानेच्या मुळाशी खांद्यांवर जो उंचवटा असतो, तोही जेमतेम. पाहुणे खूश होत. रुंद घोडा पाहिला, की घाबरट माणसालाही धीर येतो. लहान मुलांचे आईबाप तर आपण होऊन सरदारलाच मागत.

पण पहिल्याच उन्हाळ्यात त्याचे वागणे बदलले. तंग आवळायला गेले, की कान मागे पाडायचा, दात दाखवायचा. गरीब घोडा चावरा झाला, असे लोक म्हणू लागले. मे महिन्यात एका दुपारी खोगीर उतरवले, तर दोन्ही खांद्यांच्या मागे वाटीएवढी सूज. घामाने सारी पाठ ओली. पण सुजेच्या जागी दोन कोरडे ठिपके. डॉक्टरांनी ते ठिपके दाखवून सांगितले, की जिथे दाब फार पडतो तिथे घामही फुटत नाही. हा दाब असाच चालू राहिला तर कातडी फाटेल, आणि बरी झाली तरी त्या जागी केस पांढरे उगवतील. काही घोड्यांच्या पाठीवर पांढरे चट्टे दिसतात. मी लहानपणापासून ते जन्माचे समजत आलो होतो. त्यांतले अनेक खोगिराने लिहिलेले असतात, हे त्या दिवशी कळले.

ऐन हंगामात सरदार चोवीस दिवस उभा राहिला. घोड्याला सुट्टी असली, तरी त्याच्या पोटाला नसते. चंदी-वैरण चालू, मिळकत बंद. माझी प्रथम वर्षाची फी त्याच महिन्यात भरायची होती. ती कशी भरली, तो वेगळा विषय आहे.

या चोवीस दिवसांत सल्ले पुष्कळ मिळाले. पहिला सल्ला, खोगिराखाली आणखी एक नमदा घाला. हा उपाय दयाळू दिसतो. पण घट्ट बुटात जाड मोजे घातल्यासारखा आहे. मुळात अरुंद असलेले खोगीर त्याने आणखी अरुंद होते. दुसरा सल्ला, चारजामा वापरा. चारजामा म्हणजे आत सांगाडा नसलेले, नुसते कापडाचे भरीव खोगीर. ते कोणत्याही पाठीवर बसते, हे खरे. पण सांगाडा असतो तो स्वाराचे ओझे कण्याच्या दोन्ही बाजूंना वाटून देण्यासाठी. तो नसला, की जड माणसाचे ओझे कण्यावर आणि रिकिबी बांधलेल्या जागेवर येते. मुलासाठी ठीक, दिवसभर पाहुणे वाहणाऱ्या घोड्यासाठी नाही.

तिसरा सल्ला आमच्या एका शेजाऱ्यांनी दिला. “आबा, चंदी तोडा. दोन महिन्यांत खोगीर आपोआप बसेल.”

आबांनी डॉक्टरांना विचारले. डॉक्टरांनी सरदारच्या बरगड्यांवरून हात फिरवला आणि म्हणाले, थोडी चरबी आहे, ती उतरवा. पण ही रुंदी चरबीची नाही, हाडांची आहे. बरगड्याच गोल आहेत. उपाशी ठेवलात तर घोडा वाळेल, अरुंद होणार नाही.

त्यावर आबा एवढेच म्हणाले, “मग बदलायचं ते खोगीर.”

बोलायला सोपे वाक्य. करायला गेलो, तेव्हा ध्यानात आले की बाजारात खोगीर मिळते ते घोड्यासाठी नव्हे, स्वारासाठी. दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, “बैठक किती इंची? सोळा, सतरा की अठरा?” हे माप बसणाऱ्याचे. ज्याच्या पाठीवर ते दिवसभर राहणार, त्याच्या मापाबद्दल चकार शब्द नाही. एका व्यापाऱ्याने तर, “घोडा तो घोडा, त्यात काय माप?” असे म्हणून आम्हांलाच हसून वाटेला लावले.

शेवटी आबांना त्यांच्या वडिलांच्या ओळखीचे एक म्हातारे जिनगर आठवले. जिनगर म्हणजे जीन तयार करणारा. घोडदळे गेली आणि धंदाही गेला; पुष्कळ ठिकाणी आता केवळ आडनाव उरले आहे. हे जिनगरमामाही बॅगा आणि पट्टे शिवून पोट भरत होते. त्यांनी आमचे खोगीर उलटे करून मांडीवर घेतले आणि मला म्हणाले, “कालेजात जातोस ना? मग आधी माप घेऊन ये.”

ते माप कसे घ्यायचे, तेही त्यांनीच शिकवले. हाताने वाकेल पण वाकल्यावर तसाच राहील असा जाड तारेचा तुकडा घ्यायचा. घोडा सपाट जमिनीवर चारी पायांवर सारखा उभा करायचा. खांद्याचे हाड संपते त्याच्या मागे दोन-तीन बोटांवर तार आडवी ठेवून पाठीच्या आकाराला दाबायची. मग हलकेच उचलून कागदावर ठेवायची आणि आतल्या बाजूने पेन्सिल फिरवायची. असेच मधोमध, आणि असेच खोगिराच्या मागच्या कडेपाशी. शेवटच्या बरगडीच्या मागे खोगीर जाता कामा नये. तिथे ओझे पेलायला खाली आधार नाही. जुन्या दिनदर्शिकेच्या पाठीवर मी सरदारच्या तीन कमानी काढल्या. शेजारच्या घोड्याचीही एक काढून पाहिली. त्याची कमान उलट्या ‘व्ही’सारखी, तर सरदारची उपड्या परातीसारखी. आमच्या खोगिराचा सांगाडा त्या उलट्या ‘व्ही’साठीच बनलेला होता. त्याचे दोन्ही पाय सरदारच्या खांद्यांत चिमट्यासारखे रुतत होते.

सांगाडा लाकडी असल्याने तो फाकवणे शक्य नव्हते. रुंद सांगाडा कानपूरहून मागवावा लागला. कानपूरचा खोगिरांचा धंदा जुना आणि नामांकित आहे. परदेशांतही तिथला माल जातो. तिन्ही आकृत्यांचे फोटो आणि खाली सेंटिमीटर, एवढे मोबाइलवर पाठवले. पावसाळा संपता संपता सांगाडा आला. उघड्या पाठीवर तो ठेवून जिनगरमामांनी चारी बाजूंनी हात घालून पाहिले. दोन्हीकडे सारखा टेकतो आहे, मधल्या पन्हळीत तीन बोटे जातात, पुढे खांदा हलायला मोकळा आहे.

मग आली भरती. जुन्या खोगिराच्या गाद्या त्यांनी माझ्यासमोर उसवल्या. आत चिंध्या, कापसाचे घट्ट गोळे, एका जागी तर सुतळीचा गुंडा! बाहेरून चामडे कसे चकचकीत! नव्या गाद्यांत त्यांनी लोकर भरली. मूठ मूठ पिंजून, एका काठीने कोपऱ्यापर्यंत सारत. लोकर दबते आणि पुन्हा उठते. चिंधी दबली की दगड होते. “हाताला गाठ लागली, तर पाठीला धोंडा लागला समज,” असे म्हणत ते प्रत्येक मुठीनंतर तळहात फिरवून पाहत.

रुंद पाठीची एक अडचण मात्र सांगाड्यानेही सुटत नाही. खांद्यावर उंचवटा नसल्याने खोगीर बाजूला फिरते आणि उतारावर पुढे सरकते. लोक मग तंग आणखी आवळतात, घोडा गुदमरतो. त्यावर जुना इलाज आहे तो दुमचीचा. शेपटाखालून येणारा हा पट्टा खोगीर मागे धरून ठेवतो. पाहुण्याने एकाच रिकिबीवर भार देऊन वर चढण्याऐवजी ओट्यावरून बसावे, हाही आबांनी तेव्हापासून नियम केला.

दिवाळीत सरदार पुन्हा कामाला लागला. पहिल्या दिवशी तंग आवळताना त्याचे कान मागे गेले. अंगाला झालेली सवय ती, एकदम कशी जाणार? आठवड्याभरात ते पुढे राहू लागले. आता घाम सगळ्या पाठीला सारखा येतो. चावरा घोडा पुन्हा गरीब झाला, असे लोक म्हणतात. मला वाटते, तो कधी चावरा झालाच नव्हता. त्याच्याजवळ सांगायला दुसरी भाषा नव्हती.

आमच्याकडे वर्षातून दोनदा तार बाहेर निघते. कारण ऋतूप्रमाणे पाठ बदलते आणि लोकरही बसते. पुढच्या वर्षी आपल्या महाविद्यालयाची सहल माथेरानला निघाली, तर वाचकमित्रांनी घोड्यावर बसण्यापूर्वी दोन गोष्टी कराव्यात. त्याच्या पाठीवर पांढरे ठिपके आहेत का ते पाहावे, आणि खोगिराच्या पुढच्या कडेखाली सपाट हात घालून पाहावा. हात सहज गेला तर खुशाल बसावे. अडकला, तर पायी चालावे. वाट सुंदर आहे.