कारकुनांचा विश्रामबागवाडा

टाकवे बुद्रुकच्या माणसाला कचेरीचं कौतुक नाही आणि भीतीही उरलेली नाही. सातबारा, फेरफार, दाखले यांसाठी वडगावला हेलपाटे घालत आमच्या पिढ्या गेल्या. तरी आत पाऊल टाकताना आवाज आपोआप खाली येतो, हात टोपीकडे जातो. ही अदब आली कुठून? पुण्यात बाजीराव रस्त्यावर विश्रामबागवाड्यापुढे उभं राहिलं की मला तिचं मूळ सापडल्यासारखं वाटतं. ती देवडीवरची अदब आहे. देवडीच्या आत पुढे कारकून येऊन बसला, एवढाच फरक.

कान्ह्याला लोकल धरून मी पुण्याला जातो, तेव्हा काम संपल्यावर पाय तिकडे वळतातच. दर्शनी बाजूचे सुरूदार खांब खालपासून वरपर्यंत बघत राहावेत असे आहेत. सागवान इतकं घोटलेलं, की कोरीव पाकळीच्या कडेवरून बोट फिरवलं तर कुठे अडत नाही. वर केळफुलं, त्यावर पुढे आलेला सज्जा. ज्या सुतारांनी हे केलं त्यांची नावं वाड्यावर कुठेही नाहीत, याची मला दर वेळी हळहळ वाटते.

दुसऱ्या बाजीरावानं 1807 साली हा वाडा बांधून घेतला. शनिवारवाड्यात त्याचं मन रमत नव्हतं. इथे त्याला जेमतेम अकरा वर्षं मिळाली. आमच्या वडगावात जानेवारी 1779 मध्ये ज्या इंग्रजांना मराठ्यांपुढे नमून तह करावा लागला, त्यांच्याच कंपनीनं 1818 मध्ये पेशवाई बुडवली आणि बाजीरावाला गंगाकाठी बिठूरला धाडलं. मावळच्या माणसाला हा 39 वर्षांचा हिशेब अजूनही बोचतो.

मालक गेला आणि वाडा सरकारचा झाला. 1821 मध्ये इथे संस्कृत पाठशाळा भरू लागली. तिच्यातूनच पुढे डेक्कन कॉलेज उभं राहिलं आणि 1868 मध्ये येरवड्याला गेलं. मे 1879 मध्ये बुधवारवाड्याला आग लागली, तशी इथेही लागली. बुधवारवाडा तर गेलाच. विश्रामबाग भाजला, पण उरला. लोकवर्गणी आणि नगरपालिकेचा पैसा यांतून जळलेला भाग पुन्हा उभारला गेला. विसाव्या शतकात, 1930 च्या दशकापासून 1959 पर्यंत, पुण्याच्या नगरपालिकेचा आणि 1950 नंतर महानगरपालिकेचा कारभार इथूनच चालला.

माझा जीव अडकतो तो याच काळात. पेशव्यांच्या दिवाणखान्यात टेबलं लागली, कपाटं आली, दप्तरांचे गठ्ठे रचले गेले. कुणाची घरपट्टी, कुणाच्या नळाचा अर्ज, कुणाच्या जन्माची नोंद. ज्या जिन्यानं पूर्वी सरदार चढले असतील, त्यावरून भाजीवाली, हमाल, शाळामास्तर चढू लागले. पोटासाठी मावळ सोडून पेठांत राहायला गेलेली आमच्याकडची माणसंही त्यांत असणारच. आपल्या नावाची नोंद लागते म्हणून ती आत शिरली, आणि त्या छताखाली उभं राहण्याचा हक्क त्यांना पहिल्यांदा कागदानं दिला.

वाड्याला कचेरीनं इजा केली, हे खरं. जुन्या चौकांत आडभिंती आल्या की उजेड अडतो, लाकडावर तेलरंग चढला की नक्षी बुजते, खिळा ठोकणारा कशात ठोकतोय हे बघत नाही. पण ज्या वाड्यांना कुणी वाली राहिला नाही, त्यांचं पुढे काय झालं ते पेठांत फिरून कुणीही बघावं. इथे कामकाज चालू राहिलं, म्हणून कौलं फिरवली गेली आणि गळती काढली गेली. वाडा जगला तो या रोजच्या वर्दळीनं.

म्हणूनच आज डागडुजी आणि जतनाच्या नावाखाली फक्त पेशवाई उजळली जाते, तेव्हा मला वाईट वाटतं. बाजीरावाची अकरा वर्षं खरी, तशी पाठशाळेतल्या विद्यार्थ्यांची, कारकुनांची आणि अर्जदारांचीही खरी. आणि ती कितीतरी जास्त आहेत. दिवाणखान्यात पेशव्यांची माहिती लावावीच, पण शेजारी पालिकेचं एखादं जुनं जन्ममृत्यूचं रजिस्टरही काचेखाली ठेवावं. आजोबा-पणजोबांचं नाव शोधायला आलेल्या माणसाला तिथे स्टूल द्यावं आणि पानं उलटून दाखवायला एक जाणता माणूस नेमावा.