यवतमाळ, तर्री मारके!

बँकॉकहून आलेलं जोडपं ओळखणं सोपं असतं. सोमवारी कॅण्टीनमध्ये ते जेवत नाही, फोटो दाखवतं. हा रस्त्यावरचा पॅड थाय, हा मँगो स्टिकी राइस, हे तरंगतं मार्केट, हे आम्ही दोघं टुकटुकमध्ये. तीन-चार जोडप्यांकडून तेच फोटो बघून झाल्यावर आम्हीही ठरवलं, की एक अख्खा दिवस नुसतं खायचं आणि नुसतं भटकायचं. फक्त शहर बदललं. यवतमाळ!

हसलात ना? सगळेच हसतात. सगळ्यात आधी हसला तो माझा नवरा, आणि तो तर यवतमाळचाच आहे. त्याच्याकडे 'कुठला रे तू?' या प्रश्नाचं एक ठरलेलं उत्तर असतं: 'नागपूरजवळ.' पुण्यात आल्यापासून तो हेच सांगत आलाय. मला वाटायचं, सोय म्हणून सांगत असेल. नकाशात नागपूर पटकन सापडतं, संत्रीही माहीत असतात, विषय संपतो.

तर, शुक्रवारी रात्री पुण्याहून ट्रॅव्हल्स पकडली आणि शनिवारी सकाळी दत्त चौकाच्या बाजूला उतरलो. जानेवारीची मस्त थंडी. यवतमाळ जरा उंचावर वसलंय, त्यामुळे आजूबाजूच्या गावांपेक्षा हवा बरी, असं नवरा अभिमानाने सांगत होता. (अभिमान पहिल्यांदाच दिसला, म्हणून नोंद केली.) बॅग खांद्यावर असतानाच पहिला स्टॉप, पोह्यांची गाडी.

पुणेकरांनो, इथे पोहे ही शांत, पिवळी, सोज्वळ वस्तू नाही. प्लेटमध्ये पोहे पडतात आणि त्यांच्यावर मोठ्या पातेल्यातून हरभऱ्यांची लालभडक तर्री ओतली जाते. वरून कच्चा कांदा, लिंबू. 'तर्री मारके' म्हणालात तर गाडीवाला तुमच्याकडे आदराने बघतो. आणि त्याने 'सांबार टाकू का?' असं विचारलं तर इडलीबरोबरचं सांबार डोळ्यांसमोर आणू नका. वऱ्हाडात सांबार म्हणजे कोथिंबीर. दुसऱ्या प्लेटबरोबर आलुबोंडा घेतला, तोही तर्रीत बुडवून. माझं नाक वाहत होतं, डोळे वाहत होते आणि मी तिसरी प्लेट मागायची की नाही याचा सीरियसली विचार करत होते.

तिथून शकुंतलेला भेटायला गेलो. शकुंतला म्हणजे यवतमाळ ते मूर्तिजापूर, सुमारे ११३ किलोमीटर धावणारी नॅरोगेज गाडी. ही लाईन घातली ती इथला कापूस मुंबई बंदरापर्यंत आणि तिथून मँचेस्टरच्या गिरण्यांपर्यंत पोचवायला. गंमत म्हणजे देश स्वतंत्र झाला, रेल्वे सरकारी झाली, तरी या लाईनची मालकी इंग्रजांच्या खासगी कंपनीकडेच राहिली. १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं, मग डिझेल आलं आणि आता गाडीच बंद आहे. 'आजोबा म्हणायचे, धावत्या गाडीतून उतरून बोरं तोडायची आणि पुन्हा मागच्या डब्यात चढायचं,' नवरा म्हणाला. खरं-खोटं आजोबा जाणोत. पण बँकॉकवाल्यांकडे असा किस्सा आहे का, बोला!

मग बाईकवरून कळंब. (बाईक मित्राची, पेट्रोल आमचं.) नागपूर रोडने जेमतेम अर्धा-पाऊण तास. कळंबचा चिंतामणी विदर्भात फार मोठा. गंमत अशी की इथे देवाला भेटायला चढायचं नाही, उतरायचं. जमिनीच्या खाली, पायऱ्या उतरून गेलं की गाभारा, समोर कुंड. काही काही वर्षांनी कुंडातलं पाणी आपोआप चढतं आणि गणपतीच्या पायांना लागतं, अशी श्रद्धा आहे. आम्ही गेलो तेव्हा पाणी आपलं खालीच होतं. बाहेर उन्हात आल्यावरही तो खालचा गारवा थोडा वेळ अंगावर राहतो. कळंबची नवी ओळख म्हणजे रेल्वे! २८ फेब्रुवारी २०२४ला वर्धा ते कळंब ब्रॉडगेज सुरू झाली. पुढे ती यवतमाळवरून नांदेडला जायची आहे.

जेवायला परतीच्या वाटेवरच्या एका गावात, नवऱ्याच्या मोठीआईकडे. बसायला ओसरीवर सतरंजी टाकली होती, कारण बैठकीची खोली कापसाने भरलेली. भरलेली म्हणजे अक्षरशः, दारापासून जवळजवळ छतापर्यंत. टीव्ही कुठेतरी मागे गडप झालेला. भाव येईपर्यंत कापूस घरात आणि घरातली माणसं बाहेर, हा हिशेब इथे कुणालाच विचित्र वाटत नाही. मला वाटला. 'अंगाले खाज नाही सुटत का?' नवऱ्याने विचारलं. 'सुटते न,' मोठेबाबा म्हणाले, 'पण कमी भावात इकला त जास्त सुटते.'

आता ताट. ज्वारीची भाकर, चुलीवरून थेट. पाटोडीचा रस्सा, म्हणजे घट्ट शिजवलेलं बेसन थापून त्याच्या वड्या पाडायच्या आणि झणझणीत रश्शात सोडायच्या. भरीत, ज्याची वांगी पऱ्हाट्यांवर, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्यांवर भाजलेली. त्या धुराचा वास गॅसवर भाजलेल्या वांग्याला जन्मात येणार नाही. शेवटी सांबारवडी, आत खच्चून कोथिंबीर आणि बाहेर कुरकुरीत. मी मोजणं सोडून दिलं.

तर जेवताना मोठीआईने सहज विचारलं, 'काऊन रे, तुह्या हापिसात कुठचा म्हून सांगतं तू?'

नवरा भाकरीत बघत म्हणाला, 'नागपूरजवळचा.'

'नागपूर? साडेतीन घंटे लागते यष्टीनं. जवळ काय त्याच्यात?' ती एवढी हसली की पदर तोंडाला लावावा लागला. नवरा मात्र हसला नाही. त्याने सांगितलं ते मीही पहिल्यांदाच ऐकत होते. पहिल्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यात त्याने खरंच 'यवतमाळ' सांगितलं होतं. समोरच्याने एकदम आवाज खाली केला आणि विचारलं, 'ते आत्महत्यांचं?' आणि मग, 'तुमच्या घरी सगळे... ओके ना?' त्या माणसाच्या मनात वाईट काहीच नव्हतं. पण त्यानंतर टीममध्ये त्याच्याशी सगळे महिनाभर असे बोलायचे, जणू तो नुकताच स्मशानातून आलाय.

ओसरी गप्प झाली. मोठेबाबांनी पाणी प्यायलं. 'खोटं थोडीच हाये थे,' ते म्हणाले. 'आपल्या गावातही झाल्या. सतरा साली फवारणीनं माणसं गेली, थेही खरंच हाये. पण म्हून काय जेवलोच नाही का आपन? पोया नाही केला का? सांगाचं त समदं सांग न.' आणि मोठीआईला म्हणाले, 'वाढ त्याले.'

२०१७ ची ती फवारणी आठवत असेल. कीटकनाशकाच्या विषबाधेने या जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. आणि २०१९ च्या जानेवारीत यवतमाळला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, त्याचं उद्घाटन आत्महत्या केलेल्या एका शेतकऱ्याच्या पत्नीने केलं. बाहेरच्यांना यवतमाळ आठवतं ते अशाच बातम्यांमुळे. याच शहरात १९७३ साली गदिमांच्या अध्यक्षतेखाली संमेलन झालं होतं, हे किती जणांना माहीत असतं? मला तरी वाटतं, दुसऱ्याच्या नावामागे उभं राहायची सवय या गावाला जुनीच आहे. १९०५ पर्यंत अख्ख्या जिल्ह्याचं नावसुद्धा वणीवरून होतं!

नाव लपवायची सोय नसलेला यवतमाळकर एकच, टिपेश्वरचा वाघ. २०१९ मध्ये टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ शेतं, रस्ते, तेलंगणातली जंगलं पार करत सुमारे १३०० किलोमीटर चालून बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. गळ्यात रेडिओ कॉलर! त्यामुळे पठ्ठ्या कुठचा हे सगळ्या देशाला कळलं. टिपेश्वर आमच्या एका दिवसात बसलं नाही. पांढरकवड्याच्या बाजूला आहे, त्यासाठी वेगळा वीकेण्ड काढा आणि सफारीचं बुकिंग आधीच करून ठेवा.

संध्याकाळी पुन्हा शहरात. मेन लाईनच्या गर्दीत नवरा शाळेतल्या मित्रांना भेटत सुटला आणि मी गरमागरम मूगवड्यांना. हिरव्या मिरचीबरोबर खायचे, चटणीची वाट बघायची नाही. कोपऱ्याकोपऱ्यावर लोक खर्रा चोळत उभे असतात, त्या वाटेला मात्र जाऊ नका.

रात्रीची ट्रॅव्हल्स. मोठीआईने पाठवलेला सांबारवडीचा डबा नवऱ्याच्या ऑफिससाठी होता, तो मांडीवरच होता. यवतमाळचे दिवे मागे पडत होते तेवढ्यात त्याच्या टीम लीडचा फोन आला. काहीतरी डिप्लॉयमेंट अडकलं होतं.

'आत्ता नाही जमणार, प्रवासात आहे. यवतमाळहून निघालोय,' नवरा म्हणाला. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. 'नाही नाही, नागपूरजवळ नाही. साडेतीन तास लागतात.'

फोन ठेवून त्याने डबा उघडला. दारव्हा यायच्या आत ऑफिससाठी चारच वड्या उरल्या होत्या.