चेंडू कोणी आणला?

हाम्बुर्गच्या बारेनफेल्ड भागात राहायला आले तेव्हा काही रविवारी खिडकीतून मोठा ओरडा ऐकू यायचा. पहिल्या वेळी मला वाटलं, मोर्चा असेल. जिन्यात शेजारचे आजोबा भेटले, त्यांना विचारलं. त्यांनी गळ्यातला काळा-पांढरा-लाल मफलर उलगडून दाखवला. त्यावर लिहिलं होतं, ‘अल्टोना ९३’. मी विचारलं, इथे क्लबांना नंबर देतात का? हा त्र्याण्णवावा का? आजोबा जरा थांबले आणि माझ्या कच्च्या जर्मनला झेपेल इतक्या सावकाश म्हणाले, “अठराशे त्र्याण्णव. आमचं जन्मवर्ष.”

मी कोल्हापूरची. तालमींच्या नावाने फुटबॉलचे संघ असलेल्या गावात वाढले, बाबा पाटाकडील तालमीचे. पण शाहू स्टेडियमची पायरी मी कधी चढले नाही. मॅच म्हणजे त्या दिवशी रस्त्याला गर्दी आणि बाबा जेवायला उशिरा, एवढंच मला ठाऊक. फोनवर त्यांना या क्लबबद्दल सांगितलं तर ते एकदम सरसावून बसले असावेत. “एवढा जुना? मग काढला कुणी? कशापायी? इतिहास काय त्याचा?” मला एकाही प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. “विचारून सांग,” ते म्हणाले, आणि मी हो म्हणून बसले.

आधी मॅच बघावी म्हणून आजोबांबरोबर मैदानावर गेले. फाटकाशीच त्यांनी बजावलं, इथे सगळ्यांना ‘डू’ म्हणायचं. ‘डू’ म्हणजे आपलं ‘तू’. जिन्यात मी त्यांना आदरार्थी ‘झी’ म्हणत होते. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला ‘तू’ म्हणताना माझी जीभ अडली, अजूनही अडते. आम्ही जिथे उभे राहिलो त्या कोपऱ्याचं नाव ‘मेकरएके’, म्हणजे कुरकूर करणाऱ्यांचा कोपरा. मी मन लावून बघत होते. मध्यंतरानंतर आपल्या गोलकडे चेंडू आला म्हणून जिवाच्या आकांताने “नाही, नाही!” असं ओरडले. आसपासच्या चार जणांनी वळून पाहिलं. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात हे मला तेव्हा समजलं.

मग ग्रंथालय. क्लबच्या नावापुढे ‘ए. फाउ.’ अशी दोन अक्षरं होती. त्यांचा अर्थ ‘आयन्गेट्रागेनर फेराइन’. मी वहीत भाषांतर केलं, ‘नोंदवलेलं मंडळ’. फेराइन म्हणजे आपल्या गणेशोत्सव मंडळासारखंच काहीतरी असणार, असं धरून चालले. जर्मनीत असं मंडळ नोंदवायला किमान ७ सभासद लागतात. सात माणसं, एक लेखी घटना, एक अध्यक्ष, बस. मालक कोण, हे मी बराच वेळ शोधत होते. कुठल्याच पानावर मालकाचं नाव सापडेना. अखेर लक्षात आलं की मालक नावाचा माणूसच नसतो. वर्गणी भरणारे सभासद, तेच काय ते धनी.

क्लबच्या इतिहासाच्या पहिल्याच पानावर मला वाटलं की मी चुकीचं पुस्तक उघडलंय. २९ जुलै १८९३ रोजी शाळकरी मुलांनी मिळून जो क्लब काढला, त्याचं नाव होतं ‘अल्टोनाएर क्रिकेटक्लुब’. क्रिकेट! मी तो शब्द तीनदा वाचला. त्या काळी क्रिकेट आणि फुटबॉल हे दोन्ही खेळ इंग्लंडहून आले होते आणि एकाच टोळक्याची मुलं दोन्ही खेळायची. शाळांमध्ये मान होता तो जिम्नॅस्टिक्सला. तिथल्या मास्तरमंडळींपैकी कित्येकांना फुटबॉल म्हणजे रांगडेपणा वाटे, त्याला ‘इंग्रजी रोग’ म्हणणारेही होते. १८९४ मध्ये नावात फुटबॉल आला आणि पुढे क्रिकेट गळून पडलं. बाबांना हे सांगितलं तर फोनवर बराच वेळ शांतता. मग म्हणाले, “म्हणजे पोरांनी मास्तरला न जुमानता काढलेला क्लब म्हण की.” चार दिवस वाचून मला जे एका वाक्यात मांडता आलं नव्हतं, ते त्यांनी मांडलं.

पुढचा अडथळा लिपीचा. जुनी वर्तमानपत्रं फ्राक्टुर नावाच्या टोकदार, काटेरी अक्षरांत छापलेली. त्यात ‘स’चं एक लांब रूप असतं, ते जवळजवळ ‘फ’सारखंच दिसतं. त्यामुळे मी एका मथळ्यात ‘माइफ्टरफाफ्ट’ असा शब्द वाचला आणि शब्दकोशात अर्धा तास शोधला. नंतर उजेड पडला. तो ‘माइस्टरशाफ्ट’ होता, म्हणजे अजिंक्यपद. पुढे ‘७:२’ आणि लगेच कंसात ‘१:१’. मी ते दोन वेगळे सामने समजून वहीत दोन ओळी केल्या. कंसातला आकडा मध्यंतरापर्यंतचा असतो, हे ग्रंथालयातल्या बाईंनी बोट ठेवून दाखवलं. मी एक ओळ खोडली.

पण ती उरलेली ओळ साधी नव्हती. ३१ मे १९०३, जर्मनीच्या पहिल्या फुटबॉल अजिंक्यपदाचा अंतिम सामना, आणि तो झाला अल्टोनात. जागेचं नाव ‘एक्सरत्सीरवायडं’, माझ्या वहीत ‘कवायतीचं कुरण’. जर्मन फुटबॉल संघटना १९०० मध्ये लाइपझिगला ८६ क्लबांनी मिळून स्थापन केली होती, त्यात अल्टोनाही होता. तरी त्या पहिल्या स्पर्धेत संघ फक्त ६. अल्टोनाने माग्देबुर्गच्या विक्टोरियाला ८-१ ने हरवलं आणि उपांत्य सामन्यात लाइपझिगकडून ३-६ ने हार पत्करली. दुसरा उपांत्य सामना झालाच नाही. कार्ल्सरूहच्या संघाला तार आली की सामना पुढे ढकलला आहे. ते घरीच थांबले. तार खोटी होती. सामन्याला हजर नाही म्हणून ते बाद झाले आणि प्रागचा जर्मन क्लब एकही सामना न खेळता थेट अंतिम फेरीत आला. मी हे बाबांना वाचून दाखवलं, तेव्हा त्यांनी विचारलं, “तार केली कुणी?” मी पानं उलटत राहिले. उत्तर नव्हतं.

त्या अंतिम सामन्यात लाइपझिग ७-२ ने जिंकलं. पंच होते फ्रान्त्स बेर, अल्टोना ९३ चे. हे मला उशिरा उमगलं. ज्या क्लबचा संघ नुकताच हरून बाहेर पडला होता, त्याच क्लबच्या माणसाने हरवणाऱ्यांच्या सामन्यात शिट्टी फुंकली. आणखी एक गोष्ट. सामना अर्धा तास उशिरा सुरू झाला, कारण खेळण्याजोगा चेंडूच नव्हता. चांगला चेंडू मिळेपर्यंत दोन्ही संघ आणि प्रेक्षक ताटकळले. मी तो चेंडू कोणी आणला ते शोधलं. गोल करणाऱ्यांची नावं होती. चेंडू आणणाऱ्याचं मात्र मला कुठेच मिळालं नाही.

यानंतर मी जिंकलेले करंडक मोजायला बसले, कारण इतिहास म्हणजे करंडक अशी माझी समजूत. वेगळीच यादी हाती लागली. १९०३ मध्ये उपांत्य फेरीत हार, ती लाइपझिगकडून, आणि तेच विजेते झाले. १९५५ मध्ये जर्मन चषकाच्या उपांत्य फेरीत हार, कार्ल्सरूहर एस.सी.कडून, आणि तेच चषक घेऊन गेले. १९६४ मध्ये पुन्हा उपांत्य फेरी, या वेळी म्युनिकच्या १८६० क्लबकडून हार, आणि चषकही त्यांनाच. त्या ओळीपुढे ‘एन. फाउ.’ लिहिलं होतं. मी ते ‘ए. फाउ.’चंच एखादं रूप समजले आणि म्युनिकचंही नोंदवलेलं मंडळ, अशी टीप लिहिली. त्याचा अर्थ होता ‘जादा वेळेनंतर’. अल्टोना इतका वेळ टिकून राहिलं होतं आणि माझ्या टिपेत त्याचा पत्ताच नव्हता. १९६३ मध्ये १६ संघांची बुंडेसलीगा सुरू झाली, तीत अख्ख्या हाम्बुर्गमधून एकच क्लब होता आणि तो अल्टोना नव्हता.

सगळ्यात मोठी चूक मैदानाच्या नावाची. ‘आडॉल्फ-येगर-काम्फबान’. काम्फ म्हणजे लढाई, बान म्हणजे मार्ग. १९४४ मध्ये हे नाव पडलं आणि त्याच साली येगर गेले, एवढं वाचून मी ठरवलं की हे कुणी सैनिक असावेत. आजोबांना तसं म्हणाले. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. काम्फबान हा क्रीडांगणाला जुना शब्द. येगर १८८९ मध्ये अल्टोनातच जन्मले. त्यांनी देशासाठी १८ सामन्यांत ११ गोल केले, देशाच्या संघाचं कर्णधारपदही सांभाळलं. त्या काळी खेळाडू सगळेच हौशी, पोटासाठी दुसरं काम करणारे. २१ नोव्हेंबर १९४४ रोजी अल्टोनात न फुटलेला एक बाँब निकामी करताना स्फोट झाला, त्यात येगर गेले. हे सांगून झाल्यावर आजोबा बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मी वहीतला ‘लढाईचा मार्ग’ खोडला आणि लिहिलं, ‘येगर यांचं मैदान’.

अल्टोना १८६४ पर्यंत डेन्मार्कच्या राजाकडे होतं, मग प्रशियाकडे गेलं, १९३७ च्या कायद्याने हाम्बुर्गात विलीन झालं. शहर म्हणून ते आता उरलेलं नाही. त्याच्या मुद्रेवरच्या वेशीचा दरवाजा उघडा असतो, हाम्बुर्गच्या मुद्रेवर तो बंद. आजोबा म्हणाले, “शहर गेलं, नाव राहिलं मफलरवर.” आता मैदानाची जमीनही विकली गेली आहे, २००७ मध्येच. तिथे घरं व्हायची आहेत, क्लबला नव्या जागी जावं लागणार. मी खुळ्यासारखं विचारलं, मग क्लबचं काय राहील? आजोबांनी उत्तर दिलं नाही. “रविवारी सकाळी नऊला ये,” म्हणाले, “लहान मुलांची मॅच आहे. माणूस कमी आहे.”

मी गेले. त्यांनी माझ्या हातात जाळीची पिशवी, एक पंप आणि एक बारीक सुई दिली. पाच चेंडू, सगळे मऊ पडलेले. सुई चेंडूच्या भोकात जाईना. मी जोर लावला तर ती वाकू लागली. पंच घड्याळ बघत होते, आठ-नऊ वर्षांची मुलं रेघेवर उभी. आजोबा तिकडे गोलची जाळी बांधत होते. मी बाबांना फोन लावला.

“सुई ओली कर,” ते लगेच म्हणाले. “थुंकी लाव. कोरडी घालू नको, आतलं ब्लॅडर फाटतंय.”

“तुम्हाला काय ठाऊक?”

“काय ठाऊक म्हणजे? तालमीचे चेंडू पंधरा वर्षं मीच भरले की.”

बाबा खेळाडू नव्हते, हे मला माहीत होतं. मग ते मॅचच्या दिवशी इतक्या लवकर का जायचे आणि इतक्या उशिरा का यायचे, हे मी तीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं. मी सुई ओठांत धरून ओली केली. ती अलगद आत गेली. बाबा फोनवर पंपाचा आवाज ऐकत होते. “बास, अंगठ्यानं दाबून बघ,” म्हणाले. मी दाबून बघितलं आणि चेंडू पंचांकडे टाकला.

सामना वेळेवर सुरू झाला.