साहेबांनी शिकवलेला हिशेब

अंबड तालुक्यात जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर आमची शेती. नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, भरला नाही की आधी आमचं आवर्तन बुडतं. 2012 च्या दुष्काळात जालन्यातल्या मोसंबीच्या बागा वाळून सरपणाला गेल्या. तेव्हा वरच्या अंगाच्या, नाशिक-नगरच्या धरणांच्या नावानं बोटं मोडण्यापलीकडे आम्हाला काही सुचत नव्हतं. त्या दिवसांत साहेब भेटले.

पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेले. मूळ गाव निफाड तालुक्यातलं, म्हणजे वरच्या अंगाचं. नोकरीची शेवटची वर्षं मात्र पैठणला गेलेली. गोदावरीच्या पाणीवाटपावरचा मेंढेगिरी समितीचा 2013 चा अहवाल त्यांच्या टेबलावर असायचा, पानापानाला पेन्सिलीच्या खुणा केलेला. मुळा, प्रवरा, गंगापूर, दारणा, पालखेड अशा एकेका धरणसमूहात किती साठा ठेवायचा, हे जायकवाडीतल्या साठ्यावरून ठरवणारा तक्ता त्यांनी मला समोर बसवून वाचायला लावला. 15 ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा 65 टक्क्यांच्या खाली असेल, तर वरून पाणी सोडायचं, असं त्यात होतं. मी लगेच तूट काढायला बसलो. साहेबांनी पेन्सिल काढून घेतली.

"खरिपाला कालव्यातून घेतलेलं पाणी कुठे धरलंस? तेही आपल्याला मिळालेलंच आहे."

ते धरल्यावर आमची तूट कमी झाली. मला ते अजिबात रुचलं नव्हतं. साहेब पुढे म्हणाले, "दारणा 1916 चं, भंडारदरा 1926 चं, जायकवाडी 1976 चं. वरच्यांच्या उसाला आपल्या धरणाच्या कितीतरी आधीपासून पाणी आहे. हे आधी कबूल कर, मग हक्काचं बोल." आणि हक्काचं बोलायची वेळ आली की साहेब तसूभर मागे हटत नसत. खोऱ्यातली तूट सगळ्यांनी समन्यायानं वाटून सोसायची, हे 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यातच आहे. आपण कुणापुढे पदर पसरत नाही, असं ते बजावायचे.

एकदा वरच्या धरणांतून पाणी सुटणार होतं, तेव्हा मला ते नदीकाठानं घेऊन गेले. वाटेतल्या एका कोल्हापुरी बंधाऱ्याचे बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढायला माणसं आली होती आणि गावकरी आडवे उभे होते. नदीकाठच्या मोटारींची वीज आधीच तोडलेली, त्यामुळे सगळे तापलेले. साहेब एका म्हाताऱ्या शेतकऱ्याजवळ जाऊन बसले. "दादा, बागेला किती पाणी लागेल?" इथून सुरुवात. मग खिशातली वही काढून, त्यांच्या धरणात पाणी सोडल्यावरही किती साठा राहतो आणि त्यातून रब्बीची किती आवर्तनं निघतात, ते लिहून दाखवलं. गावकऱ्यांचा राग गेला नाही, पण बर्गे निघाले. एकेक ओला, शेवाळलेला बर्गा काठावर रचला जात होता आणि तो म्हातारा माझ्याकडे बघून म्हणाला, "पोरा, आता वाया घालवू नका."

प्राधिकरणाचा पाणीवाटपाचा आदेश 19 सप्टेंबर 2014 ला आला, 2016 मध्ये उच्च न्यायालयानं समन्यायी वाटपाचं तत्त्व उचलून धरलं. इतिहासात नोंद व्हायची ती समितीची, प्राधिकरणाची, न्यायालयाची. ती योग्यच आहे. पण माझ्यासारख्याला त्या आदेशाच्या लायक करणारा माणूस कुठल्याच कागदावर नाही. स्वतःच्या मूळ गावाविरुद्ध आणि नोकरीच्या गावाविरुद्धही खरा आकडा बोलायला जे धैर्य लागतं, ते मी दुसऱ्या कुणात पाहिलं नाही. मानधन तर सोडाच, आमच्या घरची मोसंबीसुद्धा त्यांनी पैसे देऊनच घेतली.

2023 च्या नोव्हेंबरात वरच्या धरणांतून पुन्हा पाणी सुटलं, तेव्हा साहेब नव्हते. आमच्या पाणीवापर संस्थेत 15 ऑक्टोबरचा हिशेब मांडताना खरिपाचा वापर आजही आधी लिहिला जातो. वरच्या आणि खालच्या, दोन्हीकडच्या वाचकांना माझी हात जोडून विनंती आहे: यंदा पाण्यावर बोलायच्या आधी तो तक्ता एकदा वाचा, आणि स्वतःचा वापर पहिल्या ओळीत लिहा.