जवळ जायचे, पण किती?

मी जंगलातले फोटो काढते आणि इतरांना ते काढायला शिकवते असे सांगितले की समोरचा माणूस हमखास विचारतो, "वाघाच्या किती जवळ गेला होतात?" या प्रश्नाला मी आता आकड्यात उत्तर देत नाही. सरत्या वर्षात उजनीपासून ताडोबापर्यंत आणि कोकण किनाऱ्यापासून आंबोलीपर्यंत फिरणे झाले. कार्यशाळा वेगवेगळ्या होत्या, पण शिकवण्याचा मुख्य विषय एकच होता: कुठे थांबायचे. कॅमेऱ्याची बटणे दोन तासांत समजतात. थांबणे शिकायला वेळ लागतो, कारण मध्ये पैसा आडवा येतो.

२०२५ साल उजाडले तेच एका वाईट बातमीने. आदल्या दिवशी, ३१ डिसेंबरला, उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट पर्यटकांच्या गाड्यांनी अडवली होती. ती दृश्ये मोबाइलवर सगळीकडे फिरली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. त्या गाड्यांत कोणी शिकारी नव्हते. तुमच्या-आमच्यासारखीच माणसे होती. त्यांना फक्त फोटो हवा होता.

जानेवारीत आम्ही भिगवणला गेलो. उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, हिमालय ओलांडून पट्टकदंब हंस येतात. रोहित उथळ पाण्यात पायांनी चिखल ढवळतो आणि चोच उलटी धरून त्यातले बारीक जीव गाळून खातो. त्याचा दिवसाचा बराच वेळ या खाण्यातच जातो. पण फोटोवाल्याला तो उडताना हवा असतो, पंखांचा गुलाबी रंग दिसावा म्हणून. मग नावाड्याला सांगितले जाते, "अजून जवळ घे, थवा उडव. शंभर रुपये जास्त देतो." नावाडी तिथले मच्छीमार. शंभर रुपये त्यांनी का सोडावेत?

म्हणून माझ्या कार्यशाळेत पहिल्याच दिवशी एक नियम सांगितला जातो. नावाडी असो, जिप्सीचा ड्रायव्हर असो की गाइड, त्याला द्यायचे ते आधीच ठरलेले असते. फोटो मिळाला तरी तेवढेच, न मिळाला तरी तेवढेच. हा नियम झाल्यापासून नावाडी स्वतःच लांबून वल्ही थांबवतात. नाव स्थिर राहिली की अर्ध्या तासात पक्षी आपले भय विसरतात आणि चरत चरत स्वतःच पुढे येतात. आपण त्यांच्याकडे जाण्यापेक्षा हे जवळ येणे वेगळे असते, आणि फोटोतही तो फरक दिसतो.

२ मार्चला पहिला रोजा होता आणि त्याच महिन्यात वेळासची कार्यशाळा. मंडणगड तालुक्यातले हे गाव बाणकोटच्या जवळ आहे. तिथे ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे अंडी घालतात. एकेकाळी ही अंडी चोरीला जात. २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती राखायला सुरुवात केली. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात. ती कुंपणाच्या आत वाळूत पुरून ठेवतात आणि साधारण पंचेचाळीस ते साठ दिवसांत पिल्ले वर येतात. वाळू जास्त तापली तर माद्या अधिक निपजतात, थंड राहिली तर नर. त्याच जानेवारीत गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या अंगावर २०२१ साली ओडिशात लावलेला बिल्ला सापडला होता. देशाचे एक टोक सोडून ती दुसऱ्या टोकाला आली होती.

पिल्ले उजेडाच्या दिशेने चालतात. अंधारात समुद्रावरचे आकाशच काय ते उजळ असते, म्हणून ती पाण्याकडे जातात. कोणी फ्लॅश मारला किंवा मोबाइलची बत्ती लावली की ती वाट चुकतात. त्यामुळे तिथे मी फ्लॅश बंद ठेवायला लावते, दोरीच्या अलीकडे पोटावर झोपायला सांगते आणि मग काय दिसेल ते टिपायचे. यंदा दोन बहिणी आल्या होत्या, मंडणगडकडच्याच. बाई शिकवणार आहे म्हणून त्यांच्या अब्बांनी पाठवले होते. दोघींचे रोजे होते. संध्याकाळी पिल्ले पाण्यात गेली, सूर्य बुडाला आणि वाळूतच खजूर खाऊन आम्ही रोजा सोडला. ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या काकूंनी पहाटे चारला उठून आमच्यासाठी सेहरीला तांदळाच्या भाकऱ्या भाजल्या. धाकटीने त्या दिवशी एकच फोटो ठेवला. त्यात कासव नाही, फक्त ओल्या वाळूवर पाण्यापर्यंत गेलेली बारीक नक्षी आहे. वर्षभरातल्या विद्यार्थ्यांच्या फोटोंत मला तो सर्वांत आवडला.

मे महिन्यात ताडोबा. उन्हाळ्यात गेट पहाटेच उघडते, त्यामुळे फजर पढूनच रांगेत लागावे लागते. मी मुलांना आधी ऐकायला शिकवते. चितळ, सांबर आणि वानर, तिघांचे इशाऱ्याचे आवाज वेगळे असतात. ते ओळखता आले की वाघ दिसण्याआधी जंगल त्याची वर्दी देते. एका सकाळी वाघीण पाणवठ्याकडे निघाली आणि आमची जिप्सी तिच्या वाटेवरच होती. सर्वांचे कॅमेरे डोळ्याला लागलेले. ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिले, मी मान हलवली आणि त्याने गाडी सावकाश मागे घेतली. ती रस्ता ओलांडून गेली तेव्हा बहुतेकांना तिची पाठच मिळाली. कोणी उघड नाराजी दाखवली नाही, पण परतीच्या प्रवासात गाडीत फार बोलणे झाले नाही.

खरी कसोटी पावसाळ्यात लागते. १ जुलै ते ३० सप्टेंबर ताडोबाचा गाभा पर्यटनाला बंद असतो आणि आमच्यासारख्यांची कमाईही आटते. नेमका याच दिवसांत कोकणात तिबोटी खंड्या विणीला येतो. मुठीत मावेल एवढा पक्षी, रंग मात्र असे की पाहणारा हरखून जावा. मातीच्या उभ्या कडेत बीळ करून तो अंडी घालतो आणि पिल्लांना सरडे, बेडूक, खेकडे आणून भरवतो. चोचीत भक्ष्य धरून बिळासमोर बसलेला तिबोटी, हा फोटो सर्वांना हवा असतो. त्यासाठी बिळासमोरच्या फांद्या छाटल्या जातात, बसायला सोयीची काटकी रोवली जाते, आणि सकाळपासून दहा-दहा कॅमेरे लागतात. माणसे फार जवळ असली तर पक्षी घास घेऊन दूर फांदीवर बसून राहतो. आत पिल्ले उपाशी.

जूनमध्ये सहाजणांच्या एका गटाने मला अशीच घरट्यावरची कार्यशाळा घ्यायला सांगितले. देऊ केलेले पैसे भिगवणच्या संपूर्ण कार्यशाळेपेक्षा जास्त होते. मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती. मी नाही म्हटले. ते दुसऱ्या कोणाबरोबर गेले आणि फोटोही घेऊन आले. घरात दोन दिवस हिशेबाच्या वहीवर चर्चा झाली. तेव्हा सासूबाईंनी एक प्रसंग सांगितला, तो अबू दाऊद यांच्या हदीस-संग्रहात आहे. एका प्रवासात काही सहाबांनी एका पक्षिणीची दोन पिल्ले उचलली. ती व्याकूळ होऊन पंख फडफडवू लागली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ते पाहिले, तिला हे दुःख कोणी दिले म्हणून विचारले आणि पिल्ले तिला परत द्यायला सांगितली. मग सासूबाई म्हणाल्या, "कोणाच्या पिल्लांचा घास अडवून आपल्या घरात बरकत कशी येईल?" चर्चा तिथे संपली. फी आम्ही दोन हप्त्यांत भरली.

जुलैत आंबोलीला बेडकांची लहान कार्यशाळा घेतली. त्यात पैसे कमी मिळतात, पण शिकायला खूप असते. तिथला एक भेक फक्त त्याच परिसरात आढळतो. २००९ साली शास्त्रज्ञांनी त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. रात्री टॉर्च घेऊन फिरताना बेडूक उचलून छानशा पानावर ठेवण्याचा मोह होतो. बेडूक कातडीनेही श्वास घेतो. आपल्या हाताचे मीठ, मलम त्याला बाधते. म्हणून नियम साधा: हात लावायचा नाही, आहे तिथेच टिपायचा.

हल्ली आपल्या घरांतली मुले-मुलीही कॅमेरा मागू लागली आहेत. त्यांना जरूर द्या आणि जंगलातही पाठवा. अल्लाहने निर्माण केलेले जग डोळे उघडे ठेवून पाहणे हेही शिक्षणच आहे. पण पैसे भरण्याआधी कार्यशाळा घेणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. घरट्यावर नेणार का? प्राण्याला हात लावणार का? फोटो मिळाला नाही तर ड्रायव्हरचे, नावाड्याचे पैसे कापणार का? तिन्हींचे उत्तर "नाही" असेल तर मूल निश्चिंतपणे पाठवा. येत्या वर्षी रमजान फेब्रुवारीतच सुरू होईल, तेव्हाही वेळासला पिल्ले निघत असतील. त्या दोघी बहिणींनी आत्ताच जागा राखून ठेवायला सांगितले आहे. नव्या मुलींना दोरीच्या अलीकडे कसे झोपायचे ते या वेळी धाकटी शिकवणार आहे, इन्शाअल्लाह.