काळविटांच्या शेजारीं बाग

कर्जत तालुक्यांतील रेहेकुरीचें काळवीट अभयारण्य १९८० सालीं जाहीर झालें. क्षेत्र अवघें २.१७ चौरस किलोमीटर. तेव्हां कळपांनीं सीमेबाहेर पाऊल टाकूं नये ही अपेक्षाच अन्यायाची. त्या रानाजवळ आम्हीं निवृत्तीनंतर घर बांधिलें. कण्वाश्रमांत शकुंतलेनें वाढविलेलें हरिणपाडस आम्हीं वर्गांत पुष्कळ वर्षें शिकविलें. तें आश्रमाच्या फुलझाडांचें काय करीत असे, हें मात्र एकाही विद्यार्थ्यानें विचारिलें नाहीं.

काळवीट मूळचा गवतावर जगणारा. परंतु फाल्गुनांत माळ वाळला कीं ओल्या पानाचा मोह त्यास आवरत नाहीं. जास्वंदीचे कोंवळे शेंडे एका पहांटेंत नाहींसे होतात. १९७२ च्या कायद्याचें त्यास संरक्षण आहे, आणि विजेची तार ताणणें आमच्या मनासही रुचत नाहीं. राहतां राहिली झाडांची निवड.

शेळी ज्यास तोंड लावीत नाहीं तें लावावें, असें इकडील धनगर सांगतात. कण्हेर, म्हणजे आपला करवीर, या कसोटीस पुरेपूर उतरते. पाणी थोडें, ऊन भरपूर, फुलें बारमाही. आमच्या सौ.स पूजेसाठीं तीच हवी होती. परंतु तिचें सर्वांग विषारी, आणि घरांत दीड वर्षांचा नातू, हाताला येईल तें तोंडांत घालणारा. सदाफुलीचीही तीच गत. हरिणास जें वर्ज्य तें बहुधा बालकासही वर्ज्य. भेद एवढाच, कीं हरिणास तें कळतें. सूनबाईंनीं स्पष्ट नकार दिला, आणि सासूसुनांच्या या वादांत आम्हीं सूनबाईंचा पक्ष घेतला. दोन दिवस चहा मुकाट्यानें प्यावा लागला.

शेवटीं अडुळसा ठरला. जागा उत्तरेच्या भिंतीकडील. हिंवाळाभर तेथें सांवली असते. परंतु आपल्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हींचा सूर्य डोक्याच्या उत्तरेस असतो, त्यामुळें तीच भिंत तेव्हां तापते. सांवली व ऊन दोन्ही सोसणारें झाड तेथें पाहिजे होतें, आणि अडुळसा तसा आहे. शिवाय खोकल्यास उपयोगी.

जास्वंदीच्या कुंड्या गच्चीवर गेल्या. यंदा पौषांत अडुळशाला पांढरे तुरे आले, आणि कळप कुंपणाशीं थबकून पुढें गेला. नातू जाणता झाल्यावर कण्हेरीचा प्रश्न पुन्हा निघणार आहे; फांदी कोणाच्या अंगणांतून आणावयाची, तें सौ.नीं आतांच ठरवून ठेविलें आहे.