हरणारी पलटण

जिंकून आलेल्या संघाला गुलाल लावावयास सारा गाव वेशीपर्यंत जातो. हरलेला संघ मात्र अंधारातून आपापल्या घरी पांगतो. पेण-रोह्याकडे कबड्डीचे वेड किती, हे रायगडकरांस सांगावयास नको. भाताची कापणी आटोपून शेते मोकळी झाली की गावोगाव मैदाने आखली जातात. आमचे घर पेणचे आणि आजोळ रोह्याचे. त्यामुळे दोन्हीकडच्या जयापजयांचा वाटा आमच्या पदरी पडत आला आहे.

2014 साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि आमच्या घरात दोन तट पडले. मुंबईच्या संघाने पहिल्याच वर्षी अंतिम सामना गाठला व 2015 साली अजिंक्यपद मिळविले. ‘पुणेरी पलटण’ मात्र दोन्ही वर्षी आठ संघांत आठवी आली. घरची तरुण मंडळी मुंबईच्या पक्षाला गेली. आम्ही पलटणीचे सामने पाहतच राहिलो. “काका, हरणाऱ्यांचे काय बघता?” असे आमचा पुतण्या विचारी.

याचे उत्तर खेळातच आहे. हुतुतूच्या जुन्या प्रकारांपैकी जो आज सर्वत्र रूढ झाला, त्याचे नाव संजीवनी. बाद झालेला गडी रेषेबाहेर बसतो. तेथे त्याचा दम आणि चपळाई काही कामाची नसते. आत उरलेल्या सोबत्यांनी प्रतिपक्षाचा गडी बाद केला, तरच तो पुन्हा आत येतो.

पलटणही पुढे सावरली. 2016 च्या आरंभी तिने तिसरा क्रमांक पटकावला. 2022 साली तिचा तरुण संघ अंतिम सामन्यात जयपूरकडून हरला. आणि 1 मार्च 2024 रोजी अस्लम इनामदारच्या नायकत्वाखाली हैदराबादेत हरियाणावर 28-25 अशी मात करून ती अजिंक्य ठरली. तथापि हे गडी निराळे होते. धंदेवाईक संघ हरला की गडी बदलतो. यात त्याचा दोषही नाही.

आमच्याकडची कित्येक मुले या खेळावर नोकरीची आशा ठेवून विशी खर्ची घालतात. त्यांतला एखादा निवडीतून गळून घरी परततो, तेव्हा तोही रेषेबाहेरच बसलेला असतो. घराला काही गडी बदलता येत नाही. त्याला आत घेण्याचे काम बापाच्या प्रश्नांनी होत नाही. त्या रात्री त्याच्यासाठी पान मांडून सगळे जेवावयाचे थांबले, तर होते.